एकाच पेटीवरची भावंडं

पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पेणनंतर कासू लागतं, मग नागोठणे आणि पुढे रोहा. मुंबई-गोवा महामार्गही इथूनच जातो. कासूसारख्या गावातल्या घरात मुलांना गाणं शिकवायचं ठरलं की क्लाससाठी बहुधा पेण किंवा रोहा गाठावं लागतं. घरात दोन-तीन मुलं असली तर आईवडिलांपुढे हिशेब उभा राहतो. फी किती जणांची भरायची, धाकट्याला गाडीतून कोण नेणार, पेटी एकच घ्यायची की तबल्याची जोडीही आणायची? या हिशेबातून साधारण दोन निर्णय निघतात. पहिला असा, की ज्याचा गळा बरा त्याला शिकवू, बाकीच्यांनी अभ्यासात लक्ष घालावं. दुसरा असा, की दुजाभाव नको म्हणून सगळ्यांना तेच शिकवू, तीच परीक्षा, तेच राग, तीच पुस्तकं. दोन्ही निर्णयांमागे प्रेमच असतं, आणि तरीही दोन्ही अपुरे आहेत असं मला ठामपणे वाटतं. पहिल्यात एका मुलाच्या गळ्यावरून बाकीच्यांचा निकाल लागतो. दुसऱ्यात न्याय दिसतो, पण त्या न्यायाने भावंडांना एकाच शर्यतीत उभं केलेलं असतं. भावंडांनी संगीत एकत्र शिकावं, पण एकसारखं शिकू नये. एका खोलीत, एका सुरात बसावं आणि त्या खोलीत प्रत्येकाचं काम वेगळं असावं.

हे शक्य होतं, कारण संगीत ही एकच एक क्षमता नाही. सुराची जाण एक, लयीची दुसरी. चाल एकदा ऐकून पक्की लक्षात ठेवणं तिसरी. शब्दाचा अर्थ ओळखून तो कुठे थांबवायचा हे कळणं आणखी निराळं. आणि दुसरा गात असताना त्याला कुठे जागा द्यायची, कुठे उचलून धरायचं, हे समजणं तर फारच दुर्मीळ. या सगळ्या गोष्टी एकाच मुलात एकाच मापाने असत नाहीत. पेण-रोह्याच्या पट्ट्यातल्या गावांना हे शिकवण्याची खरं तर गरज नाही, कारण भजनी मंडळाची सगळी रचनाच याच समजुतीवर उभी आहे. बुवा बहुधा स्वतः पेटी धरून गातो. पखवाजवाला लय सांभाळतो आणि बुवाचा अंदाज चुकला तर त्याला अलगद समेवर आणून सोडतो. टाळकरी ठेका भरतात, मागचे सूर ओढून धरतात. आणि प्रत्येक मंडळात एक जण असा असतोच, जो स्वतः फारसा गात नाही, पण कुठल्या अभंगानंतर कुठला घ्यायचा, गजर कधी करायचा, रात्र किती उरली आहे, हे त्याच्या डोक्यात असतं. तो नसेल त्या दिवशी भजन विसकटतं. एवढी समज गावात असताना घरातल्या मुलांना संगीताला घालताना मात्र आपण विचारतो तो प्रश्न एकच: हिचा आवाज चांगला आहे का?

भावंडांनी एका घरात एक गायकी शिकून वेगवेगळ्या वाटा कशा काढल्या, याचं महाराष्ट्रातलं सर्वांत बोलकं उदाहरण माने-बडोदेकर कुटुंबाचं आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि बडोद्याच्या ताराबाई माने यांची ही पाच मुलं: सुरेशबाबू, कृष्णराव, हिराबाई, कमलाबाई आणि सरस्वतीबाई. १९२०च्या आसपास ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या आणि मुलांना माने, बडोदेकर अशी नवी आडनावं मिळाली. वडिलांची छाया एकदम दूर झालेल्या या घरात तालमीचा भार थोरल्या भावावर आला. सुरेशबाबूंचा जन्म १९०२चा. त्यांनी हिराबाईंना शिकवलं, पुढे हिराबाई उस्ताद अब्दुल वहीद खाँकडे शिकल्या, आणि धाकट्या सरस्वतीबाईंची तालीम सुरेशबाबू आणि हिराबाई या दोघांकडून झाली. ताराबाईंनी काढलेल्या नाटक मंडळीत मुलींनी भूमिका केल्या. रंगमंचावर स्त्रीच्या भूमिका बहुतेक पुरुषच करायचे, अशा काळात त्या उभ्या राहिल्या. सरस्वतीबाईंनी तर अगदी बालवयापासून नाटकात काम केलं.

आता या भावंडांचं पुढे काय झालं ते पाहावं. हिराबाईंनी मैफल हा आपला मुलूख केला. प्रतिष्ठित घरातल्या स्त्रीने लोकांसमोर बसून ख्याल गाणं समाजाला सहन होत नव्हतं, त्या काळात तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या गायिकांपैकी त्या एक. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळालं. सुरेशबाबूंचं गाणं अतिशय तरल होतं. ख्यालाइतकीच ठुमरीही त्यांच्या हातची होती, आणि १९३४ सालच्या प्रभातच्या ‘अमृतमंथन’ चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली. पण त्यांचं खरं सामर्थ्य शिकवण्यात प्रकट झालं. माणिक वर्मा आणि प्रभा अत्रे या दोघींनी सुरेशबाबू आणि हिराबाई यांच्याकडून विद्या घेतली, आणि दोघींचं गाणं एकमेकींपासून चटकन वेगळं ओळखू येतं. शिष्यांमधलं वेगळेपण असं शाबूत ठेवणारा शिक्षक घडतो कसा? मला त्याचं उत्तर त्यांच्या घरात दिसतं. स्वभावाने आणि आवाजाने भिन्न असलेल्या बहिणींना शिकवूनच त्यांच्या शिकवण्याची सुरुवात झाली होती. सरस्वतीबाईंचं क्षेत्र पुन्हा निराळं. ख्याल तर त्या गायल्याच, पण चित्रपटासाठी पार्श्वगायन करणाऱ्या सुरुवातीच्या स्त्रियांमध्ये त्यांचं नाव येतं. १९४३च्या ‘रामराज्य’मधल्या त्यांच्या गाण्याने देशभर त्यांचा आवाज पोहोचला. आणि पुढे हिराबाई आणि सरस्वतीबाई यांनी मिळून जुगलबंदी गायली. दोन स्त्रियांनी शेजारी बसून ख्यालाची मैफल रंगवणं हेच तेव्हा नवं होतं. ज्या बहिणीने शिकवलं आणि जिने शिकून घेतलं, त्या दोघी एकाच तंबोऱ्याच्या जोडीपुढे बरोबरीने बसल्या, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात फार मोलाची वाटते. जुगलबंदीत बरोबरी लागते, आणि शेजारचा आवाज आपल्यासारखाच असेल तर तिच्यात रस राहत नाही.

या उदाहरणावर लगेच आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ही असामान्य माणसं होती, अब्दुल करीम खाँचं रक्त होतं, त्यांच्यावरून कासूच्या शाळेत जाणाऱ्या मुलांबद्दल काय बोलायचं? रक्ताचा मुद्दा मी टाळणार नाही, उलट तो नीट पाहिला तर माझ्याच म्हणण्याला बळ देतो. २०१४ साली मिरियम मोसिंग, फ्रेड्रिक उलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमधल्या दहा हजारांहून अधिक जुळ्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरांतला फरक, चालींतला फरक, लयीतला फरक किती बारकाईने ओळखता येतो, हे त्यांनी तपासलं आणि प्रत्येकाने आयुष्यात किती तास रियाज केला हेही विचारलं. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाने दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त रियाज केलेला असूनही या चाचण्यांत त्याचा कान अधिक तीक्ष्ण ठरला नाही. याचा अर्थ रियाज व्यर्थ आहे असा नव्हे. हाताची सफाई, गळ्याची तयारी, रचनांचा साठा हे सगळं रियाजातूनच येतं आणि त्या चाचणीत ते मोजलेलंच नव्हतं. पण सूर आणि लय बारकाईने ओळखण्याच्या देणगीत जन्मतःच बराच फरक असतो, हे त्यातून दिसतं. साधी भावंडं तर एकसारख्या जुळ्यांइतकीही सारखी नसतात. मग दोघांकडून एकाच गोष्टीत एकाच गतीची अपेक्षा धरणं म्हणजे मुलाला त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीबद्दल वर्षानुवर्षं जबाबदार धरणं. थोरलीचा सूर लागतो आणि धाकट्याचा डगमगतो, तर धाकट्याला दुप्पट गायला लावण्याआधी त्याचा हात ठेक्यावर कसा पडतो हे पाहायला हवं.

संगीताने मुलं हुशार होतात, हा दावा मी इथे मुद्दाम करत नाही. क्लासच्या जाहिरातींत तो सर्रास दिसतो. टोरांटोमध्ये ग्लेन शेलनबर्ग यांनी १४४ मुलांवर केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा किंचित अधिक वाढलेला दिसला होता. पण त्याच प्रयोगात सामाजिक वागणूक सुधारली ती नाटक शिकणाऱ्या मुलांची. पुढे असे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिल्यावर, २०२० साली, सुयोग्य तुलना केलेल्या प्रयोगांत हा बुद्धीचा लाभ जवळजवळ उरत नाही असं जोव्हान्नी साला आणि फर्नांद गोबे यांनी दाखवलं. तेव्हा गणितात गुण वाढतील म्हणून पेटी आणू नये. आणायची तर संगीतासाठी आणावी, आणि एकत्र संगीत करताना माणसांचं आपसात जे होतं त्यासाठी आणावी. त्याबद्दल थोडा पुरावा आहे. लाइप्झिगमध्ये सेबास्टियन किर्शनर आणि मायकल टोमासेलो यांनी चार वर्षांच्या ९६ मुलांच्या जोड्या करून काहींना एकत्र गाणं-वाजवणं असलेला खेळ दिला, काहींना तसाच पण संगीत नसलेला खेळ दिला. संगीत करून आलेली मुलं त्यानंतर जोडीदाराला अधिक मदत करत होती. ती भावंडं नव्हती आणि परिणाम लगेचचा मोजला होता, म्हणून याच्यावर फार मोठी इमारत बांधता येत नाही. पण पखवाज आणि टाळ एकमेकांना धरून चालताना काय घडतं, हे ज्याने सप्ताहात रात्रभर बसून पाहिलं असेल त्याला हा निष्कर्ष अनोळखी वाटणार नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. एकत्र शिकवलं की तुलना होणारच, आणि तुलनेने भावंडांमध्ये कायमची कटुता येते, म्हणून एकाला गाणं आणि दुसऱ्याला चित्रकला किंवा कबड्डी, असं वेगळंच क्षेत्र द्यावं, असं अनेक समंजस पालक म्हणतात. तुलनेचं दुःख खरं आहे. पण तुलना उपजते कशातून हे पाहायला हवं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा म्हटली की प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी पायरी ठरलेली, आणि एक भावंड प्रवेशिकेत अडलं असताना धाकटं मध्यमाला बसलं की घरात ते आकडे रोज बोलू लागतात. या परीक्षांनी गावोगाव शास्त्रीय संगीताला शिस्त आणि मान मिळवून दिला, त्याबद्दल मला आदरच आहे. पण ही पायरी प्रत्येक जण एकेकट्याने चढतो. घरातल्या संगीताचं सगळं मोजमाप तिच्यावर सोडलं तर भावंडांना एकमेकांची साथ करण्याचं काही कारणच उरत नाही. आरती सुरू करणारी एक, पेटी धरणारा दुसरा, झांजेवर तिसरा, आणि तिघं मिळून ती आरती शेवटपर्यंत नेतात, तेव्हा कोण पुढे हा प्रश्न विचारण्यातच अर्थ राहत नाही. गणपतीच्या दिवसांत कोकणात घरोघरी आरत्यांची जी मोठी लांबण चालते, ती भावंडांच्या एकत्र शिक्षणाची तयार शाळा आहे. तिला शिस्त लावायला लागेल, एवढंच.

मंगेशकर भावंडांची आठवण कुणालाही इथे होईल. वडील दीनानाथ १९४२च्या एप्रिलमध्ये गेले तेव्हा लता तेरा वर्षांचीही नव्हती आणि हृदयनाथ पाचाचाही नव्हता. लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ यांच्या पुढच्या वाटा पाहिल्या तर एका घरातून किती भिन्न संगीत निघू शकतं याची साक्ष पटते. लताबाईंनी ‘आनंदघन’ या नावाने मराठी चित्रपटांना संगीतही दिलं. गाण्याचा असा एकही प्रकार नाही ज्यात आशाबाई रमल्या नाहीत. मीना खडीकर यांनी चाली बांधल्या आणि मुलांसाठीची त्यांची गाणी त्यांच्याच मुलांनी, रचना आणि योगेश या भावंडांनी, गाऊन घराघरांत नेली. हृदयनाथांनी तर चालींच्या अवघडपणातच आपली ओळख शोधली. तरीही हे उदाहरण मी पुढे करायला कचरतो. त्यांच्या वाटा पोटासाठी, कोवळ्या वयात खांद्यावर आलेल्या जबाबदारीतून फुटल्या. त्यातून निघालेलं सोनं पाहून कुणी मुलांवर ओझं टाकणं योग्य ठरवू नये. त्यापेक्षा मला माणिक वर्मांच्या मुली जास्त सांगण्यासारख्या वाटतात. आई ख्याल, ठुमरी आणि भावगीत तिन्हींत नावाजलेली. राणी वर्मा गाण्यात राहिल्या, भारती आचरेकर आणि वंदना गुप्ते रंगभूमीवर गेल्या. मोठ्या गायिकेच्या घरातल्या मुलींनी आपापला मुलूख शोधला, आणि सुरांच्या संस्काराचा उपयोग गाण्याबाहेरही होतो, हे मराठी नाटकाच्या प्रेक्षकांनी त्यांच्या संवादफेकीत ऐकलं आहे.

कामं वाटून देण्यातला सगळ्यांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही. कामं गुणांवरून वाटली जात नाहीत, बऱ्याचदा मुलगा की मुलगी यावरून वाटली जातात. पखवाज मुलाच्या पुढ्यात जातो, मुलीला गाणं, तेही लग्न होईपर्यंत. हे फक्त आपल्याकडचं नाही. जर्मनीत फॅनी मेंडेलसोन आणि तिचा धाकटा भाऊ फेलिक्स यांना बालपणी एकाच तोडीचं शिक्षण मिळालं. पण १८२० साली वडिलांनी फॅनीला लिहिलेल्या पत्राचा आशय असा होता, की फेलिक्सला संगीत हा व्यवसाय होईल, तुझ्यासाठी तो केवळ अलंकार राहील. पुढे फेलिक्सच्या नावाने छापलेल्या संग्रहांत फॅनीची सहा गाणी होती. १८४२ साली राणी व्हिक्टोरियाने फेलिक्ससमोर त्याचं म्हणून आवडीने गायलेलं गाणं फॅनीचं निघालं, आणि फेलिक्सने ते तिथेच कबूल केलं. एकत्र शिकूनही एकाला मंच आणि दुसरीला बैठकीची खोली, हे एकत्र शिकवण्याचं अपयश आहे. म्हणून काम देताना प्रत्येक मुलाला, आणि विशेषतः प्रत्येक मुलीला, सगळी वाद्यं हाताळायला मिळाली पाहिजेत. या भागात आगरी लग्नांत धवलारीण धवले गाऊन लग्नाचे विधी पार पाडते, सगळा मांडव तिच्या गाण्याच्या क्रमाने चालतो. ज्या समाजात बाईच्या गाण्याला हा अधिकार आहे, तिथे मुलीने पखवाज धरू नये असं म्हणायला कुठलाच आधार नाही.

गुण ओळखणं म्हणजे शिक्का मारणंही नव्हे. ‘हा आमचा तालाचा, ही सुराची’ असं सहाव्या वर्षी ठरवून टाकलं तर ते मूल बाराव्या वर्षीही तिथेच अडकून पडतं. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत घरातली मुलं आधी साच्यातून मूर्ती काढणं, जोड घासणं, रंगाचा हात देणं अशी सगळी कामं करतात, आणि डोळ्यांची आखणी कुणाच्या हाती द्यायची हे हात बसल्यावरच ठरतं. संगीतातही पहिली दोन-तीन वर्षं कामं फिरती ठेवावीत: आज जो पेटीवर आहे तो उद्या टाळावर, परवा गाण्यावर. मोठ्याने धाकट्याला शिकवण्याचा वेळही यातच राखून ठेवावा. सुरेशबाबूंच्या उदाहरणातून घेण्यासारखी सर्वांत व्यवहार्य गोष्ट हीच आहे, आणि तिला खर्च काहीच नाही. धाकट्याला पलटा समजावून सांगताना मोठ्याला स्वतःच्या सुरातली खोट सापडते. शिकवण्याची देणगी कुणात आहे हेही त्यातूनच कळतं, आणि ती देणगी घरात सगळ्यांत सुरेल असलेल्या मुलातच असेल असं नाही.

राहता राहिला पैशाचा आणि सोयीचा प्रश्न. कासूसारख्या गावातून आठवड्यातून दोनदा तीन मुलांना पेणला नेणं सगळ्यांना परवडणारं नाही, आणि गाडी चुकली की संध्याकाळ गेली. पण एकच पेटी असणं ही माझ्या मते अडचण कमी आणि सोय जास्त आहे, कारण एका वेळी तिच्यावर एकच जण बसू शकतो, आणि मग बाकीच्यांना काहीतरी वेगळं करावंच लागतं. एकाने क्लासला जावं, आल्यावर बाकीच्यांना सांगावं, पुढच्या वर्षी पाळी बदलावी. अजय-अतुल गोगावले या भावांनी रीतसर शिक्षणाच्या आधाराशिवाय वाद्यांशी खेळत आपला रस्ता धरला. ‘जोगवा’साठी राष्ट्रीय पुरस्कार घेणाऱ्या या जोडीतला गाणारा आवाज अजयचा आहे, पण चाली आणि त्यांच्यावर उभा राहणारा वाद्यमेळ दोघांचा आहे. गावात तर याहून मोठा आधार आहे, तो मंडळांचा. भजनी मंडळांनी आठवड्यातला एक वार मुलांसाठी ठेवला, आणि एकेकट्या मुलाऐवजी घरातली भावंडं मिळून यावीत असं सांगितलं, तर फी, प्रवास आणि शिक्षक या तिन्ही प्रश्नांचा मोठा भाग गावातच सुटेल. पखवाज शिकवू शकणारे हात अशा गावांत आजही आहेत. ते म्हातारे होत आहेत, आणि त्यांच्याकडे जायला मुलं नाहीत, ही मला खरोखर काळजीची बाब वाटते.

आणि एखाद्या भावंडाला संगीत नकोच असेल तर? त्याला बळजबरी करू नये, पण त्याला खोलीबाहेरही काढू नये. त्याने बसून ऐकावं, हवं तर वहीत अभंगांचा क्रम लिहावा, रेकॉर्डिंग करावं, वाटलं तर उठून जावं. दोन वर्षांनी त्याला टाळ धरावासा वाटला तर टाळ तिथे हाताशी असला पाहिजे, आणि ‘आता कुठे सुचलं?’ असं त्याला कुणी विचारता कामा नये.